अडीच फुटांचं पाऊल

सखाराम दाभाडे यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. सव्वादोन नाही, पावणेतीन नाही, अडीच. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या या माणसाची ही एकच बढाई होती आणि पैठण तालुक्यातल्या बांधाबांधावर तिला साक्षीदार होते. पाचोडच्या शिवारात दोन सख्खे भाऊ बांधापायी कुऱ्हाडी घेऊन उभे होते, तेव्हा सखाराम मोजणीदार साखळी न काढता नुसतेच चालून आले, आकडा सांगितला, आणि मागून साखळी टाकली तर एका कडीचासुद्धा फरक निघाला नाही, अशी गोष्ट लोक सांगत. सांगता सांगता ती वाढलीही असेल. पण ती खोटी आहे असं म्हणणारा कोणी त्यांच्या मुलीला, निशाला, आजवर भेटला नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हे पाऊल छावणीत नेलं. या शहरात जगभरातून माणसं येतात ती लेण्यांसाठी, मकबऱ्यासाठी, फार तर दरवाजे बघायला. खाम नदीपलीकडच्या छावणीत इंग्रजांनी बांधलेले बंगले, बराकी, क्लब आणि गिरजाघर आहे, याचा गावातल्यांनाही पत्ता नसतो. त्यांना छावणी म्हणजे गुरुवारचा बाजार. सखारामांना मात्र तिथं काम होतं. त्यांची आई पारूबाई नऊ नंबरच्या बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्यांत जन्मली होती. तिचा बाप कडूबा तिथं मोतद्दार होता. साहेबाच्या घोड्यांना खरारा करायचा.

लष्करी हद्दीत टेप काढली की कोणीतरी हटकणारच. म्हणून सखाराम संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखे चालत. दर दहा पावलांना उजव्या खिशातला एक फुटाणा डाव्या खिशात टाकत, घरी येऊन फुटाणे मोजत, आकडा वहीत लिहीत आणि मग ते फुटाणे खाऊन टाकत. दहा वर्षांत सात वह्या भरल्या. बंगल्यांचे आराखडे, व्हरांड्याच्या कमानी, जोत्याची उंची, आणि प्रत्येक बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्या तर विशेष बारकाईनं. याच दहा-बारा वर्षांत त्यांनी मोजलेल्यांपैकी अकरा बंगले पडले. नऊ नंबरही पडला.

ऑक्टोबरात सखाराम गेले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता निशा कापडी पिशवीत सात वह्या घेऊन गिरजाघराच्या फाटकाशी उभी होती. ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती. मुकुंदवाडीच्या घरात आई गेल्यापासून ती आणि बाबा दोघंच राहत. बाबांच्या वह्यांबद्दल तिनं वास्तुकला शिकवणाऱ्या विशाखाला सांगितलं होतं. विशाखा छावणीतल्या जुन्या इमारतींवर एक ग्रंथ तयार करत होती.

"अकरा इमारती गेल्या, त्यांचं माप कुणाकडंच नाही," विशाखा म्हणाली होती. "तुमच्या बाबांच्या वहीशिवाय कागदाचा एक चिटोरासुद्धा नाही. नकाशे त्यांच्याच नावानं छापू. फक्त निशाताई, आधी तीन उभ्या इमारती टेपनं मोजून बघावं लागेल. जुळलं की बाकीच्या वह्या डोळे झाकून घेता येतील."

निशानं लगेच होकार दिला. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला सकाळी उठावंसं वाटलं होतं. खरं तर तिला सगळ्या वह्यांपेक्षा एकच पान छापून हवं होतं: सहाव्या वहीतलं, नऊ नंबरच्या मागच्या पाच खोल्यांचं. साहेबांची नावं गिरजाघरात संगमरवरावर होती, कबरस्तानात दगडांवर होती. कडूबा मोतद्दाराचं नाव कुठंही नव्हतं. त्या पानावर होतं.

विशाखाच्या आधी राजकुमार आला. हा बाबांचा साखळीवाला. साखळीचं दुसरं टोक धरून बाबांबरोबर सत्तावीस वर्षं ढेकळं तुडवलेला. आता अडुसष्टचा झाला होता, तरी इस्त्रीचा पायजमा घालून आला होता.

"जय भीम, ताई. चहा घेतला का नाय?"

"जय भीम, काका. घरून घेऊन निघाले."

"घरचा चहा म्हंजे चहा व्हय?" तो म्हणाला. मग तेवढ्यात येऊन पोचलेल्या विशाखाच्या हातातल्या पिवळ्या टेपकडे बघून हसला. "या प्लॅस्टिकच्या नाड्यानं आमच्या साहेबाचं पाऊल तपासायचं? उलटं करा मॅडम. पावलानं नाडा तपासा."

पहिला बंगला गिरजाघरापासून हाकेच्या अंतरावर होता. मंगलोरी कौलं बरीच शिल्लक होती, व्हरांड्याच्या लाकडी जाफरीतून सुबाभळीच्या फांद्या आत शिरल्या होत्या. विशाखानं पहारेकऱ्याला परवानगीचं पत्र दाखवलं. निशानं पहिली वही उघडली. दोन हजार अकरा सालची.

"पुढचा व्हरांडा, बत्तीस पावलं. म्हणजे ऐंशी फूट."

राजकुमारनं टेपचं टोक भिंतीला टेकवलं, विशाखा मागं मागं चालत गेली आणि वाकली. "ऐंशी फूट एक इंच."

"तो इंच गिलाव्याचा," राजकुमार ओरडला. "लिहा, मॅडम. एक इंच गिलाव्याचा."

विशाखा हसली. निशाही हसली. मग तिघांनी आतल्या दोन खोल्या मोजल्या, पोर्च मोजला, मागचा तबेला मोजला. सगळं जुळलं. चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवत निशा तबेल्यात थोडी रेंगाळली. बाबा इथं येऊन गेले होते आणि त्यांचं म्हणणं भिंतींनी मान्य केलं होतं. इतकं निखळ काही तिला अंत्यविधीलाही मिळालं नव्हतं.

दुसरी इमारत क्लबाचा लांबोडका हॉल. चौथी वही, दोन हजार सोळा. वहीत अठ्ठावीस पावलं, सत्तर फूट. टेपवर सहासष्ट आले.

"टेपला झोळ पडलाय," राजकुमार म्हणाला.

"झोळ पडला तर माप वाढेल काका, कमी नाही होणार," विशाखा म्हणाली.

राजकुमारनं टेपचं टोक पुन्हा भिंतीला टेकवलं. हे त्याला शिकवायची गरज नव्हती. सत्तावीस वर्षं तो हेच इतरांना सांगत आला होता. पुन्हा मोजलं. सहासष्टच.

"एखादी चूक होतेच माणसाची," विशाखा म्हणाली. "एखादा फुटाणा जास्त पडला असेल."

एका फुटाण्याची दहा पावलं होतात, पंचवीस फूट. इथं फरक चारच फुटांचा आहे. निशाच्या हे लगेच लक्षात आलं.

तिसरी बराक होती. दगडी, लांबच लांब, ओळीनं एकसारख्या खिडक्या. सहावी वही, ऑगस्ट दोन हजार एकोणीस. एकशे दहा पावलं, दोनशे पंचाहत्तर फूट. पन्नास मीटरची टेप दोनदा लावावी लागली. जिथं पहिली टेप संपली तिथं राजकुमारनं खडूनं रेघ मारली आणि तिच्यावर टाच रोवून उभा राहिला, जुन्या सवयीनं.

"दोनशे वीस," विशाखा म्हणाली.

 बराकीच्या पलीकडून मोटारसायकली जात होत्या. राजकुमारनं स्वतः टेप ओढून घेतली आणि दुसऱ्या बाजूनं माप धरायला लावलं. दोनशे वीस फूट दोन इंच. तो बराकीच्या कोपऱ्याशी गेला, भिंत कुठं पाडून आखूड केली आहे का ते बघून आला. भिंत जुनीच होती. दर्शनी बाजूनं झिजलेल्या दगडांना चुना घट्ट धरून होता.

निशा जोत्यावर बसली. मांडीवर वह्या घेऊन तिनं भागाकार केला. बाबांनी तिला चौथीत असल्यापासून तोंडी हिशेब शिकवला होता. ऐंशी भागिले बत्तीस, अडीच. सहासष्ट भागिले अठ्ठावीस, सव्वादोनच्या थोडं वर. दोनशे वीस भागिले एकशे दहा, दोन. इमारती चुकीच्या नव्हत्या आणि मोजदादही चुकीची नव्हती. बाबांनी पावलं बरोबरच मोजली होती. पाऊल आखूड होत चाललं होतं.

दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये डॉक्टरांनी पार्किन्सनचं निदान केलं तेव्हा त्यांनी तिला विचारलं होतं, "पावलं केव्हापासून आखूड पडतायत?" हात थरथरत नव्हते, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. तिनं सांगितलं होतं, "सहा महिने झाले असतील." खात्रीनं सांगितलं होतं, जवळ राहणाऱ्या मुलीच्या खात्रीनं. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर चालण्याचे व्यायाम, तोल सांभाळायचं शिकवणं, हे वेळेत झालं असतं. पुढं बाबा तोल जाऊनच पडले, खुबा मोडला, आणि त्या अंथरुणावरून उठले नाहीत. रविवारी कधी कधी ती त्यांच्याबरोबर छावणीत यायची. ते मागं राहायचे. इमारती बघत येत असतील असं समजून ती पुढं जाऊन एखाद्या कडुनिंबाखाली पुस्तक उघडून बसायची. एकदा तर वैतागून म्हणाली होती, "बाबा, पाय उचला ना जरा."

"निशाताई," विशाखा शेजारी येऊन बसली. तिनं वहीतले आकडे बघितले होते. तिला समजायला वेळ लागला नाही. "हे दुरुस्त करता येतं. त्या त्या महिन्यात मोजलेली एखादी इमारत उभी असेल तर पाऊल किती होतं ते निघतं. त्यावरून पडलेल्या बंगल्यांचं माप."

"नऊ नंबर बघा," निशा म्हणाली आणि सहाव्या वहीतलं ते पान उघडून तिच्यापुढं केलं.

तारीख होती नोव्हेंबर दोन हजार वीस. टाळेबंदी उठल्यावर बाबा कित्येक महिन्यांनी छावणीत आले होते. बंगल्याची उत्तर बाजू सेहेचाळीस पावलं, दक्षिण बाजू त्रेपन्न. समोरासमोरच्या दोन भिंती, आणि सात पावलांचा फरक. आराखडा बंद होत नव्हता. छत्तीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला हे दिसलं नसेल असं शक्यच नव्हतं, आणि ते दिसलं होतंच. बाबांनी दक्षिणेची भिंत तिरपी काढून आराखडा बंद केला होता आणि बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: बंगला गुण्यात नाही, कोपरे काटकोनात नाहीत. साहेबाचा गवंडी कच्चा.

विशाखानं हे वाचलं आणि मान वळवली.

"एका दिवसातसुद्धा पाऊल सारखं नव्हतं त्यांचं," निशा म्हणाली. "चालून दमले की अजून आखूड. आणि खाली वाचा."

खाली पाच खोल्यांची ओळ होती. प्रत्येक खोली चार पावलं लांब, चार पावलं रुंद. कंसात दहा बाय दहा. पहिल्या खोलीवर नाव, कडूबा मोतद्दार. त्याखाली बाबांनी एवढंच लिहिलं होतं: आई म्हणे सात जणांना पाय पसरता येत नसत, आळीपाळीनं निजत. दहा बाय दहा म्हणजे तशी अडचण नसावी. आई वाढवून सांगत असावी.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा हेच बोलले होते, चहा पिता पिता, थोडे खट्टू होऊन. "तुझी आजी जरा फुगवूनच सांगायची बघ." आणि निशानं, आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या निशानं, त्यांना आठवणी कशा मोठ्या होत जातात यावर काहीतरी शहाणपणाचं ऐकवलं होतं.

"त्या दिवशी त्यांनी नऊ नंबरात आणखी काय मोजलं?" विशाखानं विचारलं. "खोल्यांच्या अगदी आसपास. आज उभं असलेलं काहीही चालेल."

निशानं पान उलटलं. मागच्या फाटकाचे दोन दगडी खांब. मधलं अंतर सहा पावलं. खोल्यांच्या लगेच नंतरची नोंद.

"खांब हायेत," राजकुमार एकदम म्हणाला.  "मी बघितलेत दिवाळीत. दोन्ही हायेत. चला."

तिघं झपाझप निघाले. राजकुमार पुढं, टेप छातीशी धरून. नऊ नंबरच्या जागी आता पत्र्याचं कुंपण होतं आणि आत पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायची सोय केलेली होती. जिथं खोल्या असतील तिथं दोन पाण्याचे टँकर उभे होते. पण मागच्या बाजूला, खरंच, दोन खांब उभे होते. चौकोनी, वर दगडी गोळा बसवलेले.  सहा पावलांचे किती फूट, एवढंच हवं होतं. नऊ म्हणा, दहा म्हणा. मग चार पावलांचे किती ते निघेल, आणि मग आजी किती खरं बोलत होती तेही.

राजकुमारनं टोक धरलं. विशाखानं टेप ताणली.

"चौदा फूट तीन इंच."

निशानं तोंडी भाग दिला. दोन फूट साडेचार इंच. सव्वा वर्ष आधी बराकीशी पाऊल दोन फुटांचं होतं. ते वाढणं शक्य नव्हतं.

"क्या नाप रहे मॅडम?" कुंपणातल्या खुर्चीवरून पहारेकरी उठून आला. पन्नाशीचा, कानाला मफलर बांधलेला.

"ये खंबे पुराने हैं ना, भाईजान?" राजकुमारनं विचारलं.

"एक पुराना है. वो डावा." त्यानं उजव्या खांबावर चापट मारली. "ये तो ट्रक का धक्का लगके पड गया था, बंगला तोडे उस टैम. फिर गाडी को जगा होना करके सरकाके खडा किए. पत्थर वहीच है, जगा बदली."

"कितना सरकाया?"

"अब वो कौन नापके रखा, चाचा?"

विशाखानं टेप गुंडाळायला सुरुवात केली. टेपचा चर्र चर्र आवाज तेवढा येत राहिला. निशा टँकरांपाशी गेली आणि दोन चाकांच्या मधल्या जागेत उभी राहिली. खोली सहा फुटांची असेल, साडेसहाची असेल, सातची असेल. दहाची नव्हती एवढं नक्की. किती लहान होती ते आता जगात कोणालाच सांगता येणार नव्हतं. सांगू शकत होती ती एकटी पारूबाई, आणि तिच्या पोटच्या पोरानं तिला पावलानं मोजून खोटं पाडलं होतं. तो स्वतः बरोबर आहे असं समजून गेला. दोघांपैकी कोणासाठी आधी वाईट वाटून घ्यावं ते निशाला कळेना.

राजकुमार मागून आला. "ताई, एक सांगू का?"

"सांगा."

"मला दिसलं होतं."

ती वळली.

"अठराच्या दिवाळीत. साहेबासंगं हितंच फिरत होतो. सत्तावीस वर्षं ज्याच्या मागं चाललो त्याची चाल मला ठाव नाय का? मी म्हणलं, साहेब, पाऊल आखूड पडतंय, एकदा टेप लावून बघू. तर असे भडकले, असे भडकले. म्हणले, राज्या, तू मला मोजणी शिकवतो? मग आठ महिने फोन उचलला नाय माझा."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? तुमच्या बापाचं पाऊल चुकतंय म्हणून?" त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं वयानं व्हत असंल. आजार असंल हे कुठं ठाव होतं? आन् तुमी तर घरातच व्हत्या. म्हणलं, ताईला दिसत असंलच."

 निशाला राग आला होता, पण तो धरून ठेवायला तिला कुठं जागा सापडेना.

विशाखा जवळ आली. ती शक्य तितक्या हळू बोलली. "पहिल्या तीन वह्या मी घेते. त्यातल्या दोन पडलेल्या बंगल्यांचं माप धरता येईल, नावासकट छापू. बाकीचे नऊ... आकडे छापले तर पुढं कोणीतरी त्यावर विसंबेल, निशाताई. मला ते करता येणार नाही. हवं तर आराखडे नुसते, माप न देता."

"माप न देता ते काय राहील?" निशा म्हणाली. "नको."

"वह्या तरी आमच्या संग्रहात ठेवू द्या."

"ठेवा. पण अशा नकोत." निशा राजकुमारकडे वळली. "काका, खात्यात चुकलेलं माप निघालं तर काय करतात?"

राजकुमारला प्रश्न कळला, आणि तो तिनं आपल्याला विचारावा हे त्याला आवडलं नाही. "खोडत नाय," तो म्हणाला. "खोडलं की लबाडी. तांबडी रेघ मारायची, आकडा खालून वाचता आला पायजे. बाजूला लिहायचं, माप ग्राह्य नाही. मोजणीदाराची सही, तारीख. राहू द्या ना ताई. कोण बघतंय?"

"तांबडं पेन आहे का?"

विशाखाच्या पर्समध्ये होतं, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायचं. निशानं खांबाच्या जोत्यावर वही ठेवली. बंगल्याच्या उत्तर बाजूवर तिनं रेघ मारली, मग दक्षिण बाजूवर. फाटकावर मारली. पाच खोल्यांवर एकेक करून मारली. चार पावलं, चार पावलं, दहा बाय दहा. पट्टी नव्हती तरी रेघा सरळ आल्या. आई वाढवून सांगत असावी, या ओळीवरही तिनं पेन टेकवलं, क्षणभर थांबली, आणि तीही ओढली. मग समासात लिहिलं, माप ग्राह्य नाही. खाली सही केली, निशा सखाराम दाभाडे, आणि तारीख घातली.

"साखळीवाल्याची सही लागते का?" तिनं विचारलं.

"लागते," राजकुमार म्हणाला. त्यानं चष्मा शोधायला खिसे चाचपले, तो सापडला नाही, तेव्हा वही डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्यानं तिच्या सहीखाली आपली सही केली. सही होईतो त्याचे ओठ हलत होते. मग पेनाला टोपण लावून त्यानं ते विशाखाला परत दिलं.

सहाव्या वहीत अजून एकोणतीस पानं होती, आणि चौथी, पाचवी, सातवी अख्खी. ऊन चढायला लागलं होतं. निशानं पुढचं पान उघडलं आणि पेनासाठी पुन्हा हात पुढं केला.